विचारा सायकलवाल्याला: दगडासारखा टायर, घाटातले गुडघे आणि उसाच्या ट्रॉल्या

या वेळी पत्रं जरा जास्तच आलीत. गंमत अशी की कुणाची मनगटं दुखतायत, कुणाच्या तारा तुटतायत, कुणाची मान आखडलीय, आणि निम्म्या लोकांना माझं उत्तर एकच आहे, की बाबांनो टायरमधली हवा कमी करा. पण तेवढंच लिहून पाठवलं तर संपादक मला चहापण पाजणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न: मी साताऱ्यात शाहूपुरीतून एमआयडीसीत कामाला सायकलने जातो, जाऊन येऊन 14-15 किलोमीटर पडतं. रोड बाईक आहे, 28 चे (म्हणजे 28 मिलिमीटर रुंद) टायर. टायरवर मॅक्स 115 लिहिलंय म्हणून मी 110 पीएसआय ठेवतो, दर रविवारी पंपाने भरतो. तरी पाच आठवड्यात सहा पंक्चर झाले, मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या आणि संध्याकाळी हाताला झिणझिण्या येतात. पंक्चरवाला म्हणतो त्याच जागेच्या आसपास होतंय. आता टायर बदलू का सायकलच बदलू?

काही बदलू नका, पैसे राहूद्यात खिशात. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकात एक घातलीत.

आधी पंक्चर. पंक्चरवाल्याने तुम्हाला अर्ध उत्तर दिलंय, "त्याच जागेच्या आसपास". म्हणजे काय, तर तुमच्या टायरमध्ये काहीतरी अडकून बसलंय आणि ते दर आठवड्याला नवीन भोक पाडतंय. माझं स्वतःचं असंच झालं होतं, चार पंक्चर काढून घेतले, पाचव्याला ओसरीत दिव्याखाली बसून टायर आतून उलटा केला आणि बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग बायकोच्या डब्यातला कापसाचा बोळा घेतला आणि आतल्या बाजूने गोल फिरवत नेला तर एका ठिकाणी दोन धागे अडकून राहिले. तिथे टायर वाकवला तेव्हा दिसली, दाढीच्या केसाएवढी तार, जेमतेम तीन मिलिमीटर. नेलकटरने धरून ओढली. ही तार येते ट्रक-बसच्या टायरमधून, त्यांच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो, हायवेवर टायर फुटला की त्याचे तुकडे होऊन वाऱ्या-पावसाने कडेला जमा होतात, आणि सर्व्हिस रोडची कडा म्हणजे नेमकी आपली जागा. बोटाला ती लागत नाही कारण टायर सपाट असताना ती रबरात दबून बसते, वजन आलं की बाहेर डोकावते. बाभळीच्या काट्याचंपण तसंच, टोक मोडून आत राहतं.

आता एक सवय लावून घ्या. टायर चढवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्वपाशी आणा. मग ट्यूबला भोक व्हॉल्वपासून किती लांब आहे ते बघितलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं, अख्खा टायर चाचपडावा लागत नाही. ट्यूब कुठल्या बाजूने बाहेर काढली ते मात्र लक्षात ठेवा, नाहीतर उलट्या बाजूला शोधत बसाल. आणि तुमचा व्हॉल्व बारीक असणार, फ्रेंचवाला, त्याला गावातल्या पंक्चरवाल्याचं नोजल बसत नाही, तेव्हा पितळी अडॅप्टर एक व्हॉल्वलाच लावून ठेवा आणि एक पिशवीत टाका, फार महाग नसतो तो.

दुसरं दुखणं हवेचं. टायरवर लिहिलेला आकडा ही मर्यादा असते हो, याच्या पुढे जाऊ नका एवढंच तो सांगतो, इतकी भराच असं नाही. तुमचं वजन लिहिलेलं नाही, 70 किलोच्या आसपास धरतो. तर 28 च्या टायरला मागे 75 आणि पुढे 70 पुरे. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी 32 चे टायर घ्या आणि 60-65 वर चालवा, आपल्या रस्त्यांना तेच शोभतं. लोकांना वाटतं टायर जेवढा कडक तेवढी सायकल पळते. गुळगुळीत डांबरावर थोडंफार खरं असेलपण, पण आपल्याकडे खडी वर आलेली असते, पॅचवर पॅच असतात, कडक टायर प्रत्येक खड्यावरनं अख्खी सायकल आणि वर बसलेला माणूस उचलतो. ती उचलाउचल तुमच्या पायातल्या ताकदीतनंच होते. मऊ टायर खड्यापुरता दबतो आणि पुढे जातो. हात झिणझिणतायत म्हणजे आपण जोरात चाललोय असं वाटतं, घड्याळ लावून बघा एकदा.

तारांचं मूळही बरंचसं तिथेच. मागच्या चाकाला फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो आणि तुटतात त्या बहुतेक तिथल्याच. एक तुटली की तिचा भार शेजारणींवर जातो, मग दुकानदार एकच तार घालून आउट काढून देतो, चाक सरळ फिरतं, आपण खूश. पण बाकीच्यांचा ताण कमी-जास्त झालेला तसाच राहतो आणि महिन्यात दुसरी जाते. त्याला म्हणावं सगळ्या तारांचा ताण बघ. तुम्हीसुद्धा घरी बघू शकता, एकेक तार बोटाने छेडायची, एका बाजूच्या सगळ्या साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत, जी भद्द वाजते ती ढिली.

प्रश्न: वय 43, बँकेत नोकरी, घर सदर बझारला. सायकलने जायचं मनात आहे पण ओढणी चेनमध्ये जाते आणि सासूबाई म्हणतात लोक काय म्हणतील.

ताई, ओढणीचं सोपं आहे, चेनकव्हर असलेली आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल घ्या, जुन्या लेडीज सायकलला असायची तशी, आता परत मिळायला लागल्यात. ओढणी पिशवीत, बँकेत गेल्यावर घ्या. पिशवी पाठीवर नको, कॅरिअरला लावा म्हणजे पाठ घामाने भिजत नाही, आणि दहा मिनिटं आधी निघून आरामात चालवा. लोकांचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस बोलतात, नंतर पार्किंग मिळालं नाही की तुमच्याकडेच बघत बसतात. सासूबाईंना एकदा कॅरिअरवर बसवून राजवाड्याला भेळ खायला न्या.

प्रश्न: यवतेश्वर घाट चढायचा सराव करतोय, आठवड्यातून तीनदा. हायब्रिड आहे, पुढे 48-38-28 दात्यांची अशी तीन चक्रं, मागे सगळ्यात मोठं 28 दात्यांचं. पुढच्या छोट्या चक्रावर चेन पडतच नाही, केबल जाम आहे, म्हणून मधल्यावरच चढतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला वाटीपाशी दुखतं. मित्र म्हणतो ताकद वाढली की थांबेल.

मित्राला घाटात पुढे जाऊद्या, तुम्ही आधी केबल बदलून घ्या. सगळ्या पत्रात सगळ्यात स्वस्त इलाज तुमचाच आहे.

हिशोब बघा. पुढे 38 आणि मागे 28 असताना पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण तीन मीटर पुढे जाते. घाटात नवा माणूस ताशी 8 किलोमीटरने चढतो, म्हणजे मिनिटाला 133 मीटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम 44 फेरे. त्या मंद फेऱ्यात प्रत्येक वेळी गुडघ्यावर अख्खा जोर येतो, पाणी शेंदताना भरलेली घागर दोरीनं एका हिसक्यात ओढावी तसा. पुढचं 28 पडलं की एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, सव्वादोन मीटरच्या आत. त्याच वेगाला साठ फेरे होतात, दर फेऱ्याचा जोर चौथाईच्या वर कमी. मागे 32-34 चं बसवता आलं तर आणखी बरं. सपाटीला 80-90 फेरे ठेवायची सवय करा, घाटात 60-70 मिळाले तरी चांगले.

दुसरं, सीट. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. चप्पल काढा, भिंतीला धरून बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल पूर्ण खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्याला थोडा वाक राहतो, तेवढाच हवा. वाटीपाशी दुखणं हे बहुतेक वेळा सीट खाली किंवा गिअर जड याचं लक्षण, गुडघ्याच्या मागे दुखायला लागलं तर सीट जास्त वर गेली असं समजा. आठवडाभर घाट बंद, सपाटीला हलक्या गिअरवर चालवा, आणि दोन-तीन आठवड्यातपण फरक नाही पडला किंवा गुडघा सुजला तर मला लिहू नका, डॉक्टरकडे जा.

आणि घाई कशाला? समुद्रसपाटीपासून सातारा 700 मीटरच्या थोडं वर आहे, कास पठार 1200 च्या आसपास, म्हणजे समर्थ मंदिराकडनं घाटाला लागून कासला पोचेपर्यंत निम्म्या किलोमीटरच्या जवळपास उंची चढायची आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला लोक याच घाटात धावत जातात, तेव्हा त्यांचे पाय बघा, छोटी छोटी पावलं टाकतात. तेच पायडलला.

एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पावसाळ्यात चेनला तेलाचा हात सढळ ठेवा. कराडच्या एका वाचकाने कळवलंय की त्यांनी तसं केलं आणि चेनवर काळा चिखल जमून दातेच झिजले. बरोबर आहे त्यांचं, चूक माझी. तेल जास्त वेळा लावायचं, जास्त नाही. चेनच्या प्रत्येक कडीत एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, पाच मिनिटांनी जुन्या बनियनने बाहेरनं पुसून काढायचं. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलेलं फक्त माती गोळा करतं. इंजिन ऑइल तर नकोच.

प्रश्न: कोरेगाव रोडच्या एका शाळेत शिक्षक आहे, रोज साताऱ्यातून सायकलने जातो. दिवाळीनंतर परत येताना अंधार होतो आणि रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. गेल्या आठवड्यात एका ट्रॉलीला पुढे काढताना कडेला गेलो. गाळप हंगामापुरती सायकल बंद ठेवावी असं घरचे म्हणतात. आपलं मत?

सर, घरचे चुकीचं म्हणत नाहीत, पण हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, म्हणजे अख्ख्या वर्षातले चालवायला सगळ्यात चांगले महिने घरी बसायचं. मला ते काय पटत नाही. मी या रस्त्याने कितीतरी हंगाम काढलेत, काय शिकलो ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

ट्रॉलीला पुढे काढायचं नाही. हा नियम नाही, हे पथ्य आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, मागची सापासारखी हलते, ऊस दोन्ही बाजूला फूटभर तरी बाहेर आलेला असतो आणि तो अंधारात दिसत नाही, तोंडाला लागला की कळतो. ड्रायव्हरला तुमची घंटी ऐकू येणारच नाही कारण त्याने टेप एवढ्या मोठ्याने लावलेला असतो की माहुलीच्या पुलावर वाजत असलं तर क्षेत्र माहुलीला देवळात ऐकू जावं. त्याचापण इलाज नाही हो, रात्रभर जागायचं असतं त्याला. तेव्हा मागे राहायचं, चांगलं तीस-चाळीस पावलं मागे, म्हणजे मोळीतून निसटलेला ऊस तुमच्यासमोर पडला तर बघायला वेळ मिळतो. ऊस वाहणाऱ्या अंगद गाड्यांचं वेगळं, त्या छोट्या असतात पण एकामागे एक माळ असते, एकीला ओलांडायला गेलात की पाचांना ओलांडावं लागतं.

रस्त्यावर पडलेला ऊस हा खरा शत्रू. ट्रॉलीचं निदान दिसतं तरी. कांडकं गोल असतं, चाक तिरकं गेलं की ते फिरतं आणि पुढचं चाक पायाखालची चटई ओढल्यासारखं जातं. दिसलं तर ब्रेक आधी मारून घ्या, कांडक्यावर असताना दोन्ही ब्रेक सोडा, हँडल सरळ, आडवं काटकोनात ओलांडा, बूड सीटवरनं जरा उचला. चिपाडं आणि पाचट ओलं असेल तर शेणासारखं निसरडं असतं.

आणि दगड. चढाला ट्रॉली थांबली की चाकाला दगडाची उटी लावतात, ट्रॉली निघून जाते आणि उटी तिथंच राहते, नारळाएवढा काळा दगड काळ्या डांबरावर. मी एकदा असल्या दगडावर गेलोय, रिमला अंगठा मावेल एवढा पोचा आला आणि मी साइडपट्टीच्या पलीकडे हरभऱ्यात. तेव्हापासून चढ दिसला की मी आपोआप डाव्या कडेपासून हातभर आत चालवतो.

दिव्याचं म्हणाल तर मोबाइलचा टॉर्च हँडलला बांधून चालणार नाही. समोर 400 ल्युमेनच्या आसपासचा, तोंड खाली करून, समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाही असा. मागे दोन, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, कारण नुसता लुकलुकता असला की मागच्याला आपण किती लांब आहोत ते उमगत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे घोट्याला बांधायची चमकणारी पट्टी, पायडलबरोबर वर-खाली होणारा उजेड बघितला की ड्रायव्हरला लांबनंच कळतं की हा सायकलवाला आहे. साधा पांढऱ्या काचेचा चष्मापण घाला, पाचटाचा कण डोळ्यात गेला की दोन मिनिटं आंधळे.

जमलं तर मुख्याध्यापकांशी बोलून हंगामापुरता सकाळचा तास घ्या. आणि ज्या दिवशी धुकं असेल त्या दिवशी एसटी. कॅरिअरवर पासचं पाकीट ठेवलं म्हणून सायकलला राग येत नाही.

प्रश्न: आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर एका रात्रीत तीन स्पीडब्रेकर उगवले, उंची वीतभर, ना पट्टे ना बोर्ड. सायकलचं पायडल टेकतं. याला काही नियम आहे का नाही?

आहे की. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनाप्रमाणे स्पीडब्रेकरचा उंचवटा 10 सेंटिमीटरचा आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे तो ओलांडायला माणसाला दोन-चार पावलं टाकावी लागतील इतका पसरट. वर पट्टे आणि अलीकडे बोर्ड. आपल्याकडे उंची तेवढीच किंवा जास्त आणि रुंदी हातभर, ठेकेदाराकडे डांबर उरलं की तो करून टाकतो, कधी तर कॉलनीवालेच मुरूम आणि सिमेंट आणून रात्री बसवतात. असल्या एका बिनपट्ट्याच्या ब्रेकरवर माझी पाण्याची बाटली, पंप आणि चष्मा असे तिघे एका वेळी तीन दिशांना गेले होते, अर्ज केला, सहा महिन्यांनी पट्टे मारले, ब्रेकर तसाच.

तरी अर्ज करा. रस्ता कुणाचा ते आधी शोधा, नगरपालिका, जिल्हा परिषद, का बांधकाम विभाग, नाहीतर तुमचा कागद तीन टेबलं फिरून परत येतो. आपले सरकार पोर्टलवर टाकलं की नंबर मिळतो, फोटोत शेजारी पट्टी उभी करून उंची दाखवा. नॅशनल हायवेवरचा खड्डा असेल तर 1033 ला फोन. पावसाळ्याआधी केलात तर उत्तम, कारण डांबराच्या चिरेत एकदा पाणी शिरलं की ते खडी आणि डांबराची पकड सोडवतं, वरनं गाड्यांची चाकं ते पाणी आत-बाहेर दाबत राहतात, आणि आज करंगळीएवढी असलेली चीर आषाढात घमेल्याएवढी होते. आधी नुसती चीर भरून घेणं किती स्वस्त पडेल, पण चिरेचा फोटो काढून अर्ज करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही, मीपण केलेला नाही.

प्रश्न: कासवरून उतरताना पावसात ब्रेक लागतच नाहीत. साधे रिमवाले ब्रेक आहेत.

लागतात, उशिरा लागतात. ओल्या रिमवर चाकाचे पहिले काही फेरे रबर फक्त पाणी पुसतं, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलका स्पर्श करून रिम कोरडी करायची, मग दाबायचं. कोरड्या दिवसात मात्र सतत धरून ठेवू नका, रिम तापते, दाबा-सोडा करा. पुढचा ब्रेक घाबरून टाळू नका, थांबवतो तोच, फक्त वळणात आणि शेवाळावर त्याला हात नाही. घरी आल्यावर रबर काढून बघा, त्यात चमकणारे अॅल्युमिनियमचे बारीक कण रुतलेले दिसतील, सुईने टोकरून काढा, खर्रखर्र आवाज त्यांचाच असतो आणि रिम तेच खातात. धुकं असेल तर मागचा दिवा भर दुपारीपण चालू.

प्रश्न: बजेट 20 हजार, कुठली गिअरची सायकल घेऊ?

तुमच्या उंचीला बसेल ती, 35 ते 40 चे टायर, पुढे शॉकअप नको (वजन वाढतं, काम करत नाही), मडगार्ड-कॅरिअरला भोकं असलेली. रंग आवडीचा.

प्रश्न: लिंब फाट्याहून लिहितोय. कुणीतरी सांगितलं हवा कमी ठेवा, म्हणून माझं वजन 92 किलो असताना 28 च्या टायरमध्ये 50 ठेवली. खड्ड्यात आपटलं की लगेच पंक्चर, ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हे काय?

ते कुणीतरी म्हणजे बहुधा मीच. ही दोन भोकं म्हणजे सापाने डसल्यासारखी खूण, खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली की पडते. तुम्ही मात्र हवा वाढवा. तुमच्या वजनाला मागे 90 आणि पुढे 80-85, आणि जमेल तेव्हा 32 चे टायर, मग 75 ला मागचं चालेल. ट्यूबला ठिगळ लावताना दोन्ही भोकांना एकच मोठं लावा, दोन छोटी लावलीत तर मधली कडा सुटते. रिमपण बोटाने चाचपून बघा, कड वाकली असेल तर ब्रेक मारताना हाताला टकटक लागेल.